इसरू मास्तरांची बांबूची मोटार

इसरू दुर्गे मास्तरांना उचलण्यात आलं, तो दिवस मतदानाचा होता. 'उचलण्यात आलं' हे शब्द त्यांचेच. चोराला उचलतात, मढ्याला उचलतात आणि आता सरकारच्या कृपेनं दिव्यांग मतदारालाही उचलतात. बाकीची माणसं आपापली जातात, असं ते पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते.

वास्तविक अहेरीच्या त्या शाळेतल्या केंद्रावर रॅम्प होता. नवा, सिमेंटचा, दोन्ही बाजूंना पाइपाचे कठडे असलेला. मास्तर तिकडं बोट दाखवून "रॅम्प हाय ना जी, तिकडं रॅम्प हाय" असं सांगतच होते, तोवर चार उत्साही तरुणांनी त्यांची व्हीलचेअर चारी बाजूंनी धरून पायऱ्यांवरून वर नेलीसुद्धा. चौघांच्या उंचीत बराच फरक होता. त्यामुळं मास्तर लोकशाहीच्या दारात पोचले ते एका अंगाला कललेले, चष्मा एकाच कानाला लटकलेला, अशा अवस्थेत. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली छापलं होतं, 'वयोवृद्ध दिव्यांगाचा दांडगा उत्साह'. फोटोत मास्तरांचे डोळे मिटलेले, तोंड उघडं आणि मान खांद्यावर पडलेली होती. त्यांच्या मुलीनं, साधनानं, तो अंक तांदळाच्या पिंपाखाली सरकवला. पण शेजारच्या गुणाबाई स्वतःचा अंक घेऊन हजर झाल्या. फोटो छान आला, असं त्यांनी मनापासून सांगितलं. फक्त मास्तर त्यात मेल्यासारखे दिसतात, एवढंच.

मधुमेहानं डावा पाय मांडीपासून नेला तेव्हा मास्तरांनी एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. उजवा पाय शिल्लक होता, पण त्याला काही समजत नव्हतं. 'पटावर आहे, वर्गात नाही,' असं ते त्याच्याविषयी म्हणत. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. पलंग, खुर्ची, न्हाणी या तीन खंडांमधला प्रवास त्यांनी स्वतःच शोधून काढला होता. त्यासाठी सागाची एक लांब फळी होती, घासूनपुसून गुळगुळीत केलेली. ती पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये टाकायची आणि हातांच्या जोरावर सरकत जायचं. साधनानं हात पुढं केला की ते म्हणत, "सरक बाजूला. मी सरकून राह्यलो." दोघांनी सरकायचं, उचलायचं कोणीच नाही, असा त्या घराचा कायदा होता. आईच्या माघारी आणि बापाच्या पायामागं साधना चंद्रपूरची नोकरी सोडून इथल्या शाळेत आली, त्यालाही मास्तर 'माझ्यासाठी आली' म्हणत नसत; 'बदली झाली' म्हणत.

पेपरात फोटो आला त्या दिवशी चहा घेताना त्यांनी शांतपणे सांगितलं, "माय, यापुढं मले कोणी उचलायचं नाई. मेलो तरी नाई."

साधना 'बरं' म्हणाली. चहा पिताना बापाला माणूस जितक्या गांभीर्यानं 'बरं' म्हणतो, तितक्याच.

महिन्याभरानं गुजरातमधल्या कुठल्याशा कंपनीकडून लाकडी खोकी आली, तेव्हा तिला कळलं की ते 'बरं' मास्तरांनी मंजुरी म्हणून धरलं होतं. खोक्यांत मोटार होती; म्हणजे होणार होती. लोखंडी सांगाडा, चार चाकं, बॅटरी, हातानं चालवायचे दांडे आणि नटबोल्टांचा एक जड डबा. हे सगळं घरच्या घरी जोडायचं. मागची बाजू जमिनीपर्यंत खाली उघडते, तिच्यावरून व्हीलचेअर आपली आपण आत जाते आणि चालवणारा स्वतःच्याच खुर्चीत बसून गाडी हाकतो. सरकारी तीनचाकी सायकल मास्तरांनी आधीच नाकारली होती. तिच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव देणाऱ्यापेक्षा मोठं रंगवलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर बसायचं तर कोणीतरी उचलून बसवावं लागतं.

गल्लीनं सल्ले द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं माणूस घर बांधायला किंवा गाडी जोडायला काढतो तेव्हा तो खरं तर एक समिती नेमत असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. एकानं गाडीला भोंगा बसवा म्हटलं, एकानं रंग निळाच हवा असं ठासून सांगितलं, आणि गुणाबाईंनी या वयात मोटारीपेक्षा म्हैस बरी, ती निदान संध्याकाळी स्वतःहून घरी येते, असा मुद्दा काढला. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा धम्मदीप हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्यानं सल्ला दिला नाही, नट आवळायचे पाने घेऊन आला. त्यामुळं समितीत त्याला कोणी मोजलं नाही.

कंपनीच्या पुस्तिकेनं मास्तरांचा पहिला अपमान चौथ्या पानावर केला. 'जमिनीवर उताणे झोपावे, एका पायाने सांगाडा दाबून धरावा व दुसऱ्या पायाने चाक फिरवावे,' असं तिथं लिहिलं होतं. अपंगांसाठीच्या गाडीच्या पुस्तिकेत. मास्तरांनी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. कंपनीनं तत्परतेनं आभार मानले आणि तीच पुस्तिका पुन्हा पाठवली. तेव्हापासून पायाची कामं धम्मदीपनं आणि हाताची मास्तरांनी, अशी वाटणी झाली. मास्तर फळीवरून अंगणातल्या चटईवर उतरत आणि सरकत सरकत सांगाड्याखाली जात. तिथून त्यांचा आवाज येई, "दे बारा नंबर." साधनाला तो आवाज आवडू लागला होता. शाळेत वर्गावर असताना तिला तो आठवे.

शेवटचं खोकं उघडलं तेव्हा गाडीचं वरचं कवच चपातीसारखं निघालं. वाटेत त्याच्यावर कोणीतरी काहीतरी अतिशय जड ठेवलं असणार. कंपनीनं कळवलं की आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. मग काहीच कळवलं नाही. चार दिवस मास्तर त्या उघड्या सांगाड्याकडं बघत बसले. पाचव्या दिवशी म्हणाले, या जिल्ह्यात पाळण्यापासून धान्याच्या कणगीपर्यंत सगळं बांबूचं होतं, तर मोटारीनंच काय घोडं मारलंय? पोचूले बलाव.

इथं पोचूविषयी एक गोष्ट सांगायला हवी. पोचू टोपल्या, सुपं, ताटवे विणायचा, बोलायला लागला की थांबायचा नाही आणि प्रत्येक कामाच्या आधी चहा मागायचा. हे सगळं ठीक. पण गावाच्या या अर्ध्या भागात कोणी वारलं की तिरडीही पोचूच बांधायचा. त्यामुळं खांद्यावर हिरवा बांबू घेऊन पोचू घाईघाईनं चालला की लोक त्याला काही विचारत नसत. तो कुठल्या दारात वळतो, तेवढं बघत.

त्या सकाळी तो दुर्ग्यांच्या दारात वळला.

साधना त्या वेळी बाजारात होती. गाडीला आतून लावायला पांढरं कापड हवं होतं. दुकानदारानं कशाला म्हणून विचारलं नाही. पोचूला जाताना त्यानं पाहिलं होतं. न बोलता कापड फाडलं, घडी केली, पैसे घ्यायला नकार दिला आणि हात जोडले. तिला वाटलं, माणूस वडिलांचा विद्यार्थी असेल.

इकडं अंगणात पोचूनं बांबू आडवे टाकले, नवा दोर काढला आणि चहा कुठी ठेवला म्हणून स्वयंपाकघराकडं गेला. विजेची लाइन गेली होती, म्हणून धम्मदीप दुकानी परतला होता. मास्तर सांगाड्याखाली चटईवर उताणे होते. धम्मदीपच्या ग्राइंडरचा आवाज सहन होत नसे म्हणून त्यांनी दोन्ही कानांत कापूस घातला होता. ग्राइंडर बंद पडलं, सावली गार होती, आणि त्यांचा डोळा लागला.

गुणाबाई पहिल्या आल्या. त्यांनी हिरवा बांबू पाहिला, दोर पाहिला, चटईवर निश्चल पडलेले मास्तर पाहिले, कापूस पाहिला. कापूस कानांत आहे की नाकात, हे अशा वेळी कोणी वाकून बघत नाही. मग बाकीचे आले. विहारातून पांढऱ्या कपड्यांतली उपासक मंडळी आली. कोणीतरी शाळेला कळवलं. कोणीतरी राजुऱ्याच्या पाहुण्यांना फोन केला आणि तिकडून जीप निघालीसुद्धा. लोक अंगणात दबक्या आवाजात बसले. सांगाड्याखाली प्रेत का ठेवलं, हा प्रश्न काहींच्या मनात आला असावा. पण मास्तरांची गाडीवर फार माया होती, असं म्हणून तो मिटवण्यात आला.

साधना फाटकापाशी पोचली तेव्हा गुणाबाई बोलत होत्या. त्या वाईट बोलत नव्हत्या. डोळे पुसत होत्या.

"माणूस सोन्यासारखा होता. पण खरं सांगतो, पोरीच्या खांद्यावर लय वर्सं ओझं राह्यलं. ना लग्न, ना संसार. सुटली बिचारी."

साधनाच्या हातात पांढऱ्या कापडाचं पुडकं होतं. तिनं बांबू पाहिला, माणसं पाहिली, आणि मग तिची नजर सांगाड्याखाली गेली. मास्तरांचे डोळे उघडे होते. ते वर, गाडीच्या आसाकडं बघत होते. कापसातून सगळं ऐकू येतं असं नाही. जे येऊ नये ते मात्र येतं.

मग सांगाड्याखालून नेहमीच्या आवाजात शब्द आले, "गुणाबाई, थो बारा नंबरचा पाना देजा जरा."

पुढचा गोंधळ वर्णन करण्यात अर्थ नाही. एक बाई नटबोल्टांच्या डब्यावर बसल्या. उपासक मंडळी आलीच होती, म्हणून त्यांनी वंदना घेतली आणि गाडीला दीर्घायुष्य चिंतलं. राजुऱ्याची जीप पोचली तेव्हा तिच्यातून रडत उतरलेल्या पाहुण्यांना मास्तरांनीच पाणी द्यायला सांगितलं. ते पाहुणे जेवले, पण मनातून नाराज होऊन गेले. शाळेनं अर्धी सुटी दिली होती, ती परत घेता येत नव्हती. शोकठरावही मंजूर झाला होता आणि तो रद्द करायला पुढच्या सभेपर्यंत थांबणं भाग होतं. मधल्या काळात मास्तर कागदोपत्री दिवंगत होते. ठरावाची प्रत त्यांनी मागवून घेतली आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवली.

गुणाबाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वाटीभर आंबाडीची भाजी घेऊन आल्या. मास्तरांनी ती मागून दोनदा घेतली. 'सुटली' या शब्दाविषयी त्या घरात कोणीच काही बोललं नाही, बापानं नाही आणि मुलीनंही नाही. फक्त मास्तर आता सकाळी अंधारातच, साधना उठायच्या आत, फळी टाकू लागले.

पोचूनं चार दिवसांत गाडीचं अंग विणून दिलं. सुबक होतं. लांबी माणसाएवढी, दोन्ही बाजूंना मजबूत दांडे, आडव्या कामट्या, आणि दर वितीवर एक गाठ. दार कुठंच नव्हतं. माणूस आत कसा जाणार, असं मास्तरांनी विचारलं. पोचू खरोखर गोंधळला. त्याच्या कामात आजवर कोणी आपण होऊन चढलं नव्हतं.

"वरून ठेवते ना जी," तो म्हणाला.

मागची भिंत कापून झुलती केली, पण गाठी तशाच राहिल्या. पोचूला बांधायची एकच गाठ येत होती. गाडीकडं दुरून बघितलं की बघणारा नकळत चपला काढी. आतून पांढरं कापड लागल्यावर तर विचारूच नका. मास्तर मात्र खूश होते. पहिल्याच फेरीत ते गुणाबाईंचं कुंपण पाडून त्यांच्या न्हाणीपर्यंत गेले. गुणाबाईंनी या वेळी पुष्कळ ऐकवलं, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. माणूस जिवंत असल्याशिवाय त्याला इतक्या शिव्या बसत नाहीत.

मग सरकार सुरू झालं. गाडीची नोंदणी गडचिरोलीला. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, आणि गाडी समोर आणल्याशिवाय नोंदणी करायची नाही. म्हणून गाडी ट्रकवर चढवली. ट्रक वनोपज नाक्यावर थांबवण्यात आला. बांबू भरलाय, त्याचा टीपी कुठी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, असं गार्डनं विचारलं. हा बांबू नाही, मोटार आहे, असं धम्मदीपनं सांगितलं. गार्डनं ट्रकवर चढून पाहिलं आणि मोटार असेल, पण बांबूची आहे, असा निष्कर्ष काढला. त्याचंही चुकत नव्हतं. ट्रक परत आला. पोचूच्या सासुरवाडीच्या गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळालेला होता, तिथं टीपी ग्रामसभाच देई, आणि बांबूही तिथलाच होता. ग्रामसभेनं या विषयावर दुपारभर चर्चा केली आणि परवान्यावर मालाचं वर्णन लिहिलं, 'बांबू, मोटारीच्या आकाराचा'. त्यावर ट्रक सुटला.

गडचिरोलीला एका टेबलानं अपंगत्वाचा दाखला मागितला. तो भक्कम होता. तो पाहून दुसऱ्या टेबलानं विचारलं, इतकं अपंगत्व असताना हे गाडी कसे चालवणार? म्हणून चालवू शकतात असा डॉक्टरांचा दाखला आणला. तो पाहून पहिल्या टेबलानं विचारलं, चालवू शकतात तर मग अपंग कसे? दोन टेबलांच्या मधल्या जागेत मास्तर आपल्या खुर्चीत बसून होते. निरीक्षक साहेब सभ्य होते. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बांबूवर टिचकी मारली आणि खेदपूर्वक लेखी उत्तर दिलं: 'सदर वस्तू वाहन या संज्ञेत बसत नाही.' सार्वजनिक रस्ता सोडून, स्वतःच्या आवारात काय करायचं ते करा, असं तोंडी सांगितलं.

परतीच्या वाटेवर मास्तर खिडकीतून बाहेरचा साग बघत होते. आलापल्ली आलं तेव्हा म्हणाले, "शाळेचं मैदान रस्ता थोडीच होय."

घराच्या मागचं फाटक मैदानात उघडायचं, मैदानापलीकडं शाळा, शाळेत मतदान केंद्र आणि केंद्राला तो रॅम्प. मध्ये सार्वजनिक रस्ता कुठंच नव्हता. नगरपंचायतीची निवडणूक येऊ घातली होती. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचलं नाही. शाळा सुटली की गाडी मैदानात निघे. खड्डे त्यांनी पाठ केले. एका संध्याकाळी ते रॅम्पच्या तळाशी पोचले, मागची भिंत खाली टेकवली, खुर्चीसकट उतरले आणि कठड्याचे पाइप धरत धरत स्वतःला वर ओढत नेलं. साधना मैदानात उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत धरून ठेवले होते, चुकून पुढं होऊ नयेत म्हणून. वर पोचल्यावर मास्तरांनी केंद्राच्या दाराला लावलेलं कुलूप हातात घेऊन पाहिलं. मग वळले आणि खाली आले.

"होते, जमते," ते म्हणाले. एवढंच.

मतदानाची तारीख जाहीर झाली. फेटा बांधायचा की टोपी घालायची यावर गुणाबाईंशी वाद झाला. पेपरवाल्याला आधीच सांगून ठेवा, या वेळी नीट फोटो काढ म्हणावं, अशी सूचना धम्मदीपनं केली. मतदान चार दिवसांवर आलं असताना साधना सकाळी चहा घेऊन खोलीत गेली. फळी पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये टाकलेली होती. मास्तर पलंगावरच होते.

डॉक्टर येऊन गेले. साधनानं पोचूला निरोप धाडला.

पोचू हिरवा बांबू खांद्यावर घेऊन घाईघाईनं आला आणि दुर्ग्यांच्या दारात वळला. गल्लीनं पाहिलं. कोणी आलं नाही. एकानं सायकलवरून जाता जाता फाटकातून डोकावून, आता काय, ट्रॉली का, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेला. शाळेला साधनानं स्वतः फोन केला. तिकडून सांगितलं की या वेळी आधी खात्री करून घेऊ, मग सुटीचं बघू. राजुऱ्याच्या पाहुण्यांनी 'मास्तरांनाच फोन द्या' म्हटलं.

मग ती पांढरं कापड आणायला निघाली. दुकानदार हसला. अजून एक गाडी का, म्हणाला. कापड मोजलं, फाडलं, आणि या वेळी पैसे घेतले. तिनं दिले. काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यानं पैसे परत केले असते आणि तिला ते घेता आले नसते.

परत येताना ती गुणाबाईंच्या दारात थांबली.

"बाबा गेले, गुणाबाई."

"मी एक डाव फसलो, पोरी," गुणाबाई सूप पाखडत म्हणाल्या. "आता नाई फसत."

साधना नुसती उभी राहिली. सूप थांबलं. गुणाबाई तशाच उठल्या, पायात चपला नव्हत्या, आणि तिच्या पुढं चालू लागल्या. खोलीत जाऊन पलंगाजवळ कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "उठा जी मास्तर," त्या म्हणाल्या. "लय झाली मजाक. इलेक्शन हाय." बराच वेळ वाट बघितली. मग त्यांनी मास्तरांचा चष्मा उशीजवळून उचलला, पदरानं पुसला आणि जाग्यावर ठेवला. बाहेर येऊन त्यांनी गल्लीच्या तोंडाशी असा हंबरडा फोडला की त्यानंतर कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

माणसं जमली. वंदना झाली. चौघे पुढं झाले. चौघांपैकी दोघे तेच होते, मतदानाच्या दिवसाचे. साधना पलंगाच्या आणि त्यांच्या मध्ये आली.

"बाबाले कोणी उचलायचं नाई," ती म्हणाली.

खांदा द्यायचा नाही म्हणजे काय, असं लोक आपसांत बोलू लागले. बापाला खांद्याशिवाय नेणार का, लोक काय म्हणतील? लोक म्हणजे तेच होते, तरीही. साधनानं सागाची फळी घेतली आणि पलंगाच्या कडेला लावली. पोचूला तिचं म्हणणं सगळ्यांच्या आधी कळलं. त्यानं तिरडीचे दांडे कमी करून ती फळीच्या मापाची केली, खाली गोल बांबू घातले. मास्तर पलंगावरून फळीवर, फळीवरून तिरडीवर आणि तिरडीसकट गाडीच्या खाली टेकवलेल्या मागच्या भिंतीवरून आत सरकत गेले. गाडीची लांबी बरोबर माणसाएवढी होतीच. साधना शेजारी खोक्यावर बसली आणि दांडा हातात घेतला. मैदानात मास्तरांनी तिला शिकवलं होतं. कायले लागते शिकायले, असं ती तेव्हा म्हणाली होती.

चौकात पोलिसानं हात केला. गाडीला नंबर नव्हता. तो नवीन होता, त्याला बाकीचं काही माहीत नव्हतं. निवडणुकीचे दिवस, विनानंबरची गाडी रस्त्यावर कशी काय, असं तो विचारू लागला. गुणाबाई गर्दीतून पुढं आल्या.

"गाडी कुठी हाय, साहेब? गडचिरोलीच्या साहेबाईनं लिहून देल्लं ना, हे वाहन नोहोय म्हणून. बांबूची हाय, आत माणूस हाय, मांगं गाव हाय. हे तिरडी होय."

पोलिसानं गाडीकडं पाहिलं. गाठी पाहिल्या. टोपी काढली.

नदीच्या अलीकडं बांध चढून जावा लागतो. चढ लागला आणि बॅटरी संपली. त्या सकाळी चार्जिंगला लावायची राहिली होती; ते काम मास्तरांचं होतं. गाडी थांबली, मग हळूहळू मागं येऊ लागली. साधनानं हाताचा ब्रेक ओढून धरला. मागं वळून बघायच्या आत तिला धक्का जाणवला. ते चौघे गाडीच्या मागच्या बांबूला खांदे लावून उभे होते. धम्मदीप त्यांच्यात होता. गाडी जमिनीवरच राहिली, चाकांवर, आणि चार खांद्यांच्या जोरावर वर चढली. बांधावर आल्यावर प्राणहिता दिसली.

फळी तिथंही लागली. सगळं सरकवतच झालं.

जाळ लागला, माणसं आंघोळीला पाण्यात उतरली, आणि तेव्हा गुणाबाईंच्या लक्षात आलं. तिरडीचा बांबू घरी परत नेत नाहीत. आणि चौकात, पोलिसासमोर, सगळ्या गावासमोर, गाडीला तिरडी त्याच म्हणाल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या की ते आपण नुसतं पोलिसाला सांगितलं होतं. साधना असलं काही मानत नव्हती, मास्तर तर अजिबात नाही. तिनं पोचूकडं पाहिलं. तुम्ही सांगाल तसं, पोचू म्हणाला. फक्त आपण बांधलेला बांबू आजवर कधी परत गेलेला नाही, एवढंच त्यानं जोडलं. त्या दिवसभरात तो पहिल्यांदाच इतकं कमी बोलला.

साधना गाडीभोवती एकदा फिरून आली. मास्तरांनी गाडी बांबूची केली होती. ती त्यांच्याबरोबर गेली तर त्यात वावगं काय?

"सोडा," ती म्हणाली.

पोचूनं विळा फिरवला. मोटारीच्या कारागिरानं बांधली असती तर संध्याकाळ झाली असती. पोचूच्या गाठी एका फटक्यात सुटत. सगळं अंग पांढऱ्या कापडासकट निघालं आणि जाळावर गेलं. हिरवा बांबू जळताना फुटतो, फटाफट आवाज येतात. पाण्यातल्या माणसांनी एकदम वळून पाहिलं आणि मग पाहायचं नसतं हे आठवून माना फिरवल्या.

लोखंडी सांगाडा उरला. थांबून राहिली की बॅटरी थोडी सावरते. माणसाच्या चालीनं गाडी चालू लागली. बसायला फळी होती. बाकीचे पुढं निघून गेले, गुणाबाई तेवढ्या एका हातानं लोखंडाला धरून शेजारून चालत राहिल्या. शाळेपाशी मतदानाचा मांडव घालणं सुरू होतं. एक माणूस शिडीवर चढून पाटी ठोकत होता. पाटीवर बाण होता आणि लिहिलं होतं, 'रॅम्प इकडे'.

गुणाबाईंनी ती वाचली आणि तोंडाला पदर लावला. थोडं पुढं गेल्यावर, काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, "एवढा बांबू गेला. आता हलकी झाली असन नं गाडी."

साधनानं दांडा थोडा पुढं ढकलला.

"ओझं जड नव्हतंच कधी, गुणाबाई," ती म्हणाली.